खाली इस्तो, वर इस्तो

1 जून 2024, शनिवार. सकाळचे साडेदहा झालेत आणि वाशीम जिल्ह्यातल्या रिठदच्या एका घरात, मधल्या खोलीच्या दारात तुम्ही उभे आहात. बाहेर रोहिण्यांचं ऊन पेटलंय. गावात पाहुण्याला तू कोण, कशाला आलास हे आधी विचारत नाहीत. फ्रिजमधली बाटली तुमच्या हातात आलीच आहे. पाणी प्या आणि जरा बाजूला सरका, घरातल्या नातसुनेला ओव्हनपर्यंत जायचंय.

ओव्हन म्हणजे टेबलावरचा छोटा ओटीजी. काचेतून आत बघा. खालची दांडी लाल, वरची दांडी लाल आणि मधल्या जाळीवर ॲल्युमिनियमचा गोल डबा. दिवसा लाइटीचा भरवसा नाही, म्हणून पहिले स्पंज तिनं पहाटेच काढून घेतले. ते फडक्याखाली निवताहेत. आता ती क्रीम फेटतेय. क्रीमचं पातेलं बर्फाच्या परातीत बसवलंय, बीटरच्या काड्या रात्रभर फ्रीजरमध्ये होत्या. हे क्रीम वनस्पती तेलाचं असतं आणि असल्या उन्हात हातचं गेलं की गेलंच. म्हणून दार ओढून घेतलंय आणि पंखाही बंद. ती घामानं निथळतेय, पण हात थांबत नाही. पातेलं उलटं केलं तरी क्रीम हललं नाही, तेव्हा कुठं ती तुमच्याकडे बघून हसते.

मग ती लांब सुरीनं स्पंजचा फुगलेला माथा सपाट करते. ते उतरलेले तुकडे, कडेचा तांबूस पापुद्रा, चुरा हे सगळं एका ताटलीत जातं आणि दाराबाहेर दबा धरून बसलेली पोरं ताटली पळवतात. त्यातला एक तुकडा तुम्हीही उचला. मला विचाराल तर घरच्या केकमधलं सगळ्यात चांगलं खाणं हेच. अजून कोमट, बिनक्रीमचं, काठाला किंचित करपल्या साखरेची चव.

आज तिला श्वास घ्यायला फुरसत नाही, कारण आज 1 जून. गावागावांतल्या म्हाताऱ्या माणसांपैकी किती तरी जणांचा वाढदिवस आजच असतो. शाळेच्या दाखल्यावर तसं लिहिलंय, आधारवर तेच उतरलंय आणि सकाळपासून गावाच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडताहेत. ह्या घरातल्या आबांनाही आज पंचाहत्तर पुरी झाली. त्यांच्यासाठी पाइनॲपलचा दोन किलोचा केक आहे, कडेनं पिवळ्या फुलांची माळ. आबा ओसरीवर बसलेत. नवा सदरा घातलाय, तो त्यांना गळ्याशी टोचतोय.

"जून कुठला बाप्पा," ते तुम्हाला हळूच सांगतात. "मी तं हिवाळ्यातला हाय. माय सांगे."

कोणत्या हिवाळ्यातले? ते त्यांनाही ठाऊक नाही. चला, बघून येऊ. घर हेच, फक्त मागच्या दारानं निघायचं आणि पुन्हा पुढच्या दारानं आत यायचं.

आत आलात तर ओटीजी नाही. 2020 चा एप्रिल आहे. टाळेबंदी. रिसोडचा रस्ता बंद, वाशीमचा बंद, बेकऱ्यांना कुलपं. धाकट्या पोराचा वाढदिवस आहे आणि तो सकाळपासून केकसाठी भोकाड पसरून बसलाय. नवी नवी लग्न होऊन आलेली नातसून मोबाइल डब्याला टेकवून ठेवते आणि बिस्किटांचे पुडे फोडते. बिस्किटं पाट्यावर कुटायची, चाळायची, कोमट दुधात कालवायची. पीठ भज्यांच्या पिठासारखं झालं की शेवटच्या क्षणी ईनोची पुडी टाकायची आणि एकाच दिशेनं हलवायचं. फसफस उठली की क्षणभरही थांबायचं नाही.

बिस्किटात मैदा आला, साखर आली, तेलही आलं. कोणाच्या तरी कारखान्यात एकदा भाजून झालेलं पीठ ती दुसऱ्यांदा भाजतेय. पार्लेनं ग्लुकोजची बिस्किटं काढली ती 1939 च्या सुमारास, विलेपार्ल्याच्या कारखान्यात. तेव्हापासून ती चहात बुडाली, तापकऱ्याच्या उशाशी बसली, प्रवासात लेकरांच्या मुठीत राहिली. त्या उन्हाळ्यात घरोघर त्यांचा केक झाला.

कुकरची रिंग काढलीय, शिटी काढलीय. तळाला जाड मीठ, मिठावर वाटी, वाटीवर डबा. मीठ तापायला वेळ घेतं, पण तापलं की आच धरून ठेवतं. पाऊण तासानं झाकण उघडलं तर केक वरून पांढुरका, ओलसर. खालून आच भरपूर मिळाली, वरून काहीच नाही. ती जरा हिरमुसते. पोरगं मात्र गॅसच्या ओट्याला लोंबकळून ओरडतंय, "झाला! झाला!" त्या दिवशी वीतभर केकचे वाटे घरातल्या सगळ्यांना पुरले.

पुन्हा मागच्या दारानं. मधली वर्षं भराभर जाऊ द्या. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, तेव्हाही ह्या घरात केक आलाय, पण तो वाशीमच्या बेकरीतून. एसटीच्या गर्दीत मांडीवर धरून आणलेला खोका आणि उघडला तेव्हा एका कोपऱ्यातलं गुलाबी फूल झाकणाला चिकटलेलं. विकतच्या केकबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. तो आणला, कापला, संपला. त्याच्या आधी, 1986 च्या मे महिन्यात चला. तिथं बसण्यासारखं आहे.

मातीची भिंत, शेणानं सारवलेली भुई, चूल. तांब्यातलं पाणी पिऊन घ्या. अकोल्याची मामी सुटीला आलीय आणि आज तिच्या भाच्याला पाचवं लागतंय. तिनं पिशवीतून मैदा आणलाय, बेकिंग पावडरचा लहानसा डबा, आणि औषधाच्या बाटलीएवढी व्हॅनिला इसेन्सची बाटली, जी घरातल्या प्रत्येकानं निदान दोनदा हुंगून झालीय. आबा सदतिशीचे आहेत, मिशा काळ्याभोर. त्यांची आई, म्हणजे घरातली आजी, माळकरी. म्हणून अंड्याचं नाव नाही. मामी दही वापरणार.

परातीत डालडा आणि दळलेली साखर. मामी तळहातानं फेसते. चहा उकळून खाली उतरला, पिऊन झाला, तरी ती फेसतेच आहे. पिवळट गोळा पांढरा होतो, हलका होतो, बोटाला रवा लागेनासा होतो. हवा आत कोंडायची ती इथंच. मग दही. मग मैदा, सोडा, बेकिंग पावडर तीनदा चाळून. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ भोकाभोकांनी भरतं. ही भोकं बुजायच्या आत त्याला आच मिळाली पाहिजे. म्हणून मामी आधीच ओरडतेय, "रेती तापली का बघा गं!"

रेती नाल्यातली. पोरांनी सकाळी आणली, धुतली, चाळली, उन्हात वाळवली. मोठ्या गंजात चार बोटं थर दिलाय आणि गंज चुलीवर अर्धा तास आहे. वर हात धरवत नाही. तुपाचा हात फिरवून मैदा भुरभुरलेला डबा त्या रेतीत अलगद बसतो. गंजावर पितळी ताट. आणि मग मामी चिमट्यानं चुलीतले निखारे उचलते आणि ताटात पसरते.

आजी एवढा वेळ उंबऱ्याशी वाती वळत बसली होती. ती उठते, पदर सावरत जवळ येते, वाकून बघते.

"अवं माय," ती म्हणते, "हा तं रोडगाच हाय! खाली इस्तो, वर इस्तो. गोड केला, एवढंच."

मामी हसते. तिला वाटतं सासूबाईंच्या विहीणबाई गंमत करताहेत. आजी गंमत करत नाही. इस्तो म्हणजे विस्तव, आणि गव्हाचा रोडगाही निखाऱ्यांतच भाजतात. तिनं एका नजरेत ओळखलंय की आपल्याला येतं तेच हे काम आहे. ती मामीच्या हातातला चिमटा घेते, ताटाच्या मधले निखारे कडेला सारते. "मधी कमी ठेव. मधलं आधी जळते. मी पाहातो आता, तू बस."

त्यानंतर चुलीचा कारभार आजीकडे. एक लाकूड ती बाहेर ओढते, थोड्या वेळानं एक आत सारते. घड्याळ बघत नाही. व्हॅनिलाचा वास आधी स्वयंपाकघरात, मग ओसरीवर, मग गल्लीत जातो आणि शेजारची पोरं विनाकारण अंगणात यायला लागतात. झाडूची धुतलेली काडी केकच्या पोटात घालून मामी बाहेर काढते. कोरडी. केक वरूनही तांबूस आलाय, भेगाळलेला, मधे टरारून फुगलेला.

मेणबत्तीवरून थोडा वाद होतो. दिवा फुंकायचा म्हणजे काय, असं आजीचं म्हणणं. आपल्यात वाढदिवसाला दिवा लावतात, विझवत नाहीत. शेवटी पाट मांडला जातो, भोवती रांगोळी, कुंकू, अक्षता, निरांजन, सुपारी. औक्षण होतं, पोराच्या तोंडात साखर पडते आणि मग केकवर सुरी. मला ही तडजोड नेहमीच पूर्ण वाटली आहे. आजही महाराष्ट्रातल्या हजारो घरांत आधी निरांजन आणि मग केक असतो आणि दोघांचं एकमेकांशी काहीच भांडण नाही.

केकचा घास तोंडात असतानाच आजीला विचारून घ्या, तुमच्या लेकाचा जन्म कधीचा?

"तुरी सोंगत होतो," आजी म्हणते. "लय थंडी. साल मले काय मालूम? मास्तरनं लिवलं ते साल."

तर मास्तरांना गाठायला हवं. वाटेत 1973 चा उन्हाळा लागतो. तिथं फार थांबवत नाही. 72 च्या दुष्काळाचं दुसरं वर्ष. चुलीवर मिलोची भाकरी आहे, अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची, थापताना चिरत जाणारी. घरातली मोठी माणसं खडी फोडायच्या कामावर गेलीत. संध्याकाळी आई येते, पदराची गाठ सोडते. गाठीत सुकडी. कामावर मिळालेली, तिथं न खाता राखून आणलेली. लेकरं ती कोरडीच फक्की मारून खातात, ओठांना पीठ लागलेलं. गोडाचं म्हणून त्या महिन्यात घरात आलेलं एवढंच. त्यातलं तुम्हाला देऊ करतील. नको म्हणा.

आता 1955, जून संपत आलाय. पहिला पाऊस पडून गेलाय. शाळेच्या पडवीत बापाचा हात धरून एक काळासावळा पोरगा उभा आहे. हे आबा. अजून महाराष्ट्र नाही. वऱ्हाड मध्य प्रदेशात आहे, राजधानी नागपूर, पुढच्या वर्षी ते मुंबई राज्यात जाईल. मास्तर पोराला म्हणतात, "हात डोक्यावरून ने, कान धर." उजवा हात डोक्यावरून जातो आणि डाव्या कानाची पाळी जेमतेम बोटात येते. झालं, पोरगा शाळेच्या वयाचा.

"जन्म कधीचा?"

"तुरी सोंगनं चालू व्हतं मास्तर."

"साल?"

बाप बराच वेळ विचार करतो. "गांधीबाबाले मारलं नाई का, त्याच्यापुढचा हिवाळा."

गांधीजी गेले 30 जानेवारी 1948 ला. पुढचा हिवाळा म्हणजे 1949 चं जानेवारी. हिशोब तुम्ही चटकन केलात, पण मास्तरांपुढं पडवीभर पोरं आहेत आणि कोणाचाच बाप तारीख सांगत नाही. कोणी पोळ्याच्या आसपासचा, कोणी मोठा पूर आला तेव्हाचा. सहा पुरी दिसली पाहिजेत. मास्तर दौतीत टाक बुडवतात आणि सुबक अक्षरात लिहितात, 1-6-1949. खालच्या ओळीत पुढच्या पोराला तीच तारीख. त्याच्या खाली तीच. गावोगावच्या दाखलखारिज रजिस्टरांत अशाच ओळी पडल्या आणि त्याच तारखांवर पुढं नोकऱ्या लागल्या, निवृत्त्या झाल्या, पेन्शनी सुरू झाल्या. बापानं आणलेला गूळ आणि फुटाणे मास्तर सगळ्या पोरांना वाटतात. मूठभर तुमच्याही हातावर पडतील. फुटाणे ताजे आहेत, भट्टीवरून आजच आलेले.

तर हिवाळा सापडला. फक्त अजून साडेपाच वर्षं मागे, 21 जानेवारी 1950, शनिवार. आबांना नुकतं वर्ष पुरं झालंय. चार-पाच दिवसांनी देश प्रजासत्ताक होईल. वाशीमला अजून रेल्वेसुद्धा आलेली नाही. ह्या वेळी घरात जाऊ नका, तिथं कोणी नाही. सगळं घर, भावकी आणि निम्मी आळी गावाबाहेर मारुतीपुढं जमलीय. लेकरू जगलं, वर्षाचं झालं, तर रोडग्याची पंगत घालीन असा आबांच्या आईनं नवस केला होता. तो आज फिटतोय. रोडग्याचा नवस जुना आहे, एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला रोडगाच कबूल करते आणि एकनाथ सोळाव्या शतकातले.

थंडी कुडकुडवणारी आहे, जाळाजवळ या. गोवऱ्यांची रास पेटवून बराच वेळ झालाय. ज्वाळा बसल्या, आता धूर संपायची वाट बघताहेत. धूर असताना रोडगा टाकला तर आतपर्यंत कडवटपणा उतरतो. एका बाजूला बायका परातींभोवती बसल्यात. बन्सी गव्हाचं पीठ, जात्यावर जाडसर दळलेलं, बोटांत घेतलं तर रवाळ लागणारं. रोज ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरात गहू सणावाराचा, आणि आज तो पोत्यानं निघालाय. पिठात मीठ, ओवा, हळद आणि कडकडीत तेलाचं मोहन. मुठीत दाबलं तर मुटका उभा राहिला पाहिजे, तरच मोहन पुरलं. पाणी बेतानं, कणीक घट्ट.

आबांची आई पंचविशीची आहे. कपाळावर आडवं कुंकू, हात कोपरापर्यंत पिठाचे. तिच्या समोर बसा आणि हात बघा. लिंबाएवढी गोळी. तिला तेल लावलं आणि एका पारीत गुंडाळलं. त्यावर पुन्हा तेल, पुन्हा पारी, पुन्हा तेल, पुन्हा पारी. शेवटी तोंड बंद करून गोळा दोन्ही तळव्यांत फिरवला, जरा चपटा केला. भाजताना आतल्या पाण्याची वाफ होते, तेलामुळं थर एकमेकांना धरत नाहीत, आणि वाफ त्यांना एकेक करून सोडवते. पीठ जाड असल्यानं आच पार मधल्या गोळीपर्यंत पोचते. यात खमीर नाही, सोडा नाही. सगळं काम वाफेचं आणि तेलाच्या त्या हाताचं.

भाजायचं काम गड्यांचं. निखारे पसरून त्यावर रोडगे ओळीनं मांडतात, चिमट्यानं फिरवतात, बाजू बदलतात. कातडं कडक झालं की सगळे रोडगे मधे ओढून वरून गरम राख आणि निखारे लोटतात. आता काही दिसत नाही. राखेचा उंचवटा, त्यातून अधूनमधून तडकल्याचा आवाज आणि खरपूस गव्हाचा वास, असा की बांधावरचं कुत्रंही उठून उभं राहिलं. कधी काढायचे हे एक म्हातारा ठरवतो. एक रोडगा उकरून तो बोटाच्या पेरानं वाजवतो, ऐकतो, परत पुरतो. थोड्या वेळानं पुन्हा. तिसऱ्यांदा तो मान हलवतो. रोडगे गोणपाटात टाकून दोघं दोन्ही टोकं धरून घुसळतात. राख झडून जाते आणि तांबूस, भेगाळलेले, जागोजाग काळे डाग पडलेले रोडगे पाटीत येतात.

तोवर कढईत वांगी शिजलीत. देठासकट मोठ्या फोडी, लसूण, लाल मिरची, जवसाचं तेल. दुसऱ्या चुलीवर तुरीचं वरण, नव्या तुरीचं, ह्याच हंगामातल्या. गेल्या साली अशीच तूर सोंगत होते तेव्हा आबांची आई बाळंत झाली.

आधी मारुतीला नैवेद्य. मग आई बाळाला मांडीवर घेते. एक रोडगा दोन्ही हातांनी फोडते, वाफ भपकन वर येते. बाहेरचं टणक कातडं ती बाजूला ठेवते. थरांच्या आत अगदी मधे ती लिंबाएवढी गोळी, पिवळसर, लुसलुशीत. ती बोटांनी कुस्करते, गूळ घालते, तूप घालते, पुन्हा कुस्करते. बाळाच्या ओठांवर पहिला घास टेकवते. बाळ तोंड वाकडं करतं, चाटून बघतं, आणि मग दोन्ही हातांनी तिचं मनगट धरून ओढतं.

"घे नं रे राजा, हळू खाय," ती म्हणते. "तुहाच रोडगा हाय."

पंगत बसतेय. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, मीठ पडलं. तुम्ही अजून उभेच? म्हातारा तुम्हाला हाताला धरून खाली बसवतो आणि मुठीनं रोडगा फोडून पत्रावळीत टाकतो. "चुरा नीट," तो बजावतो, "खड्डा कर मधी." खड्डा करा. वाढणारा पळत पळत येतोय, वरणाची बादली एका हातात, तुपाचा तांब्या दुसऱ्या हातात, आणि मागून बायका ओरडताहेत, "पाहुण्याले भाजी गेली का? वांगे वाढा, वांगे!"